दातात उरलेला चारा : जीवाश्म दातांच्या रसायनावरून प्राचीन सस्तन प्राण्यांचा आहार कसा ओळखतात?

विश्वामित्रीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

खंभातच्या आखातात, घोघ्याच्या किनाऱ्यासमोर पिरम नावाचे लहानसे बेट आहे. तिथल्या मायोसीन काळातील (सुमारे २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या कालखंडातील) खडकांत सापडलेल्या सस्तन प्राण्यांच्या अवशेषांचे वर्णन ह्यू फाल्कनर यांनी १८४५ साली प्रसिद्ध केले. हत्तीच्या दूरच्या नात्यातला डायनोथेरियम आणि जिराफाच्या कुळातला, पण अंगाने थोराड असा ब्रामाथेरियम हे त्यातले दोन ठळक प्राणी. वडोदऱ्यात भूशास्त्र शिकत असताना आमच्या सरांनी त्या बेटावरच्या एका दाढेचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवला होता. तुकडा काळपट तपकिरी आणि बोटाच्या दोन पेरांएवढा होता. त्याच्या कडेला दोनेक मिलिमीटर जाडीची चकचकीत पट्टी होती आणि तिच्या आत खडूसारखा भुसभुशीत झालेला भाग होता. आतल्या भागावर नखाने ओरखडा उठत होता. पट्टीवरून मात्र नख घसरून जात होते. "या प्राण्याने काय खाल्ले ते त्या पट्टीत लिहिलेले आहे," असे सर म्हणाले. त्या वेळी मला ते समजले नव्हते. आज जेवढे समजले आहे तेवढे मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

ती चकचकीत पट्टी म्हणजे एनॅमल, आपल्याकडच्या पुस्तकांतील शब्द दंतवल्क. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो आणि त्याचे स्फटिक हाडातील स्फटिकांपेक्षा मोठे व घट्ट बसलेले असतात. हाडे आणि दाताचा आतला भाग सच्छिद्र असल्यामुळे लाखो वर्षांत जमिनीतील पाणी त्यांत मुरते आणि मूळ रसायन बदलून टाकते. एनॅमलमध्ये पाण्याला शिरायला फारशी जागाच नसते. शिवाय एनॅमल एकदा तयार झाले की शरीर ते पुन्हा मोडून बांधत नाही. त्यामुळे दात बनत असताना प्राण्याच्या पोटात जे गेले, त्याचा ठसा तसाच राहतो. हा ठसा त्यातील कार्बोनेटमधल्या कार्बनचा असतो.

निसर्गातील कार्बनचे सुमारे ९८.९ टक्के अणू कार्बन-१२ चे आणि १.१ टक्के त्याहून किंचित जड अशा कार्बन-१३ चे असतात. वनस्पती हवेतून कार्बन डायऑक्साइड घेताना हलक्या कार्बनला झुकते माप देतात, पण सगळ्या सारखे देत नाहीत. झाडे, झुडपे, वेली आणि थंड हवेतली गवते यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत सी-३ म्हणून ओळखली जाते आणि त्यांच्यात जड कार्बन बराच कमी असतो. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते सी-४ पद्धतीची असतात आणि त्यांच्यात तो तुलनेने जास्त असतो. आपल्या ताटातले उदाहरण घ्यायचे तर गहू, तांदूळ आणि सगळ्या डाळी सी-३ आहेत, तर बाजरी, ज्वारी, मका आणि ऊस सी-४. म्हणजे थंडीत पोंक (ज्वारीचा हुरडा) आणि बाजरीचा रोटला खाणारे घर आणि बाराही महिने पोळी-भात खाणारे घर यांचा फरक रसायनाला कळतो.

हे प्रमाण एका ठरावीक मानकाशी ताडून हजारात किती फरक, अशा आकड्यात सांगतात. ते मानक मुळात अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातील बेलेम्नाइट या समुद्री प्राण्याच्या जीवाश्मावरून आले. कच्छच्या जुरासिक खडकांत हिंडलेल्यांनी बेलेम्नाइटच्या बंदुकीच्या गोळीसारख्या कांड्या पाहिल्याच असतील. सी-३ वनस्पतींचा आकडा सरासरी उणे २७ आणि सी-४ चा सुमारे उणे १३ येतो. मोठ्या शाकाहारी प्राण्याच्या एनॅमलमध्ये पोहोचेपर्यंत तो सुमारे १४ ने वर सरकतो, हे थूर सर्लिंग आणि जॉन हॅरिस यांनी १९९९ साली दाखवून दिले. म्हणून आजच्या काळात केवळ पाला खाणाऱ्याच्या दातात उणे १३ च्या आसपास आणि केवळ उष्ण प्रदेशातले गवत खाणाऱ्याच्या दातात अधिक १ च्या आसपास आकडा मिळतो. मिश्र आहार असेल तर आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी पडतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की दाताचा आकार आणि दाताचे रसायन ही दोन वेगळी साक्ष आहे. उंच, घड्यांची दाढ पाहिली की हा गवत खाणारा, असे आपण चटकन म्हणतो. परंतु घरात पुरणयंत्र आहे एवढ्यावरून त्या घरी रोज पुरणपोळी होते असे ठरत नाही. आकार त्या कुळाची तयारी सांगतो, तर त्या एका प्राण्याच्या पोटात प्रत्यक्ष काय गेले ते रसायन सांगते.

हत्तीचे उदाहरण पाहा. त्याची दाढ म्हणजे एकामागे एक उभ्या लावलेल्या एनॅमलच्या पट्ट्यांची घासणीच असते आणि गवत दळायला याहून चांगले साधन नाही. तरीही आजच्या आफ्रिकेतील आणि आशियातील हत्तींच्या दातांचे रसायन मुख्यतः झाडपाल्याचा आहार दाखवते. पूर्व आफ्रिकेतील काही लाख वर्षांपूर्वीपर्यंतच्या हत्तींच्या दातांत मात्र सी-४ गवताचा आकडा मिळतो. दाढेची घडण गवत खाणाऱ्या पूर्वजांकडून आली आणि ताट पुढे बदलले. केवळ आकारावर विसंबून राहिलो असतो, तर हा बदल आपल्याला कधीच कळला नसता.

गोठ्यातली वही

फार चांगला विषय काढलात, काका. आमच्याकडे वाघोडियाच्या बाजूला तीन पिढ्या म्हशी आहेत, म्हणून एक शंका विचारते. उन्हाळ्यात आम्ही रजको, म्हणजे लसूणघास घालतो, पावसाळ्यानंतर हिरवा मका असतो आणि थंडीत ज्वारीची कडब असते. तुमच्या हिशोबाने रजको सी-३ झाला आणि मका व कडब सी-४. मग एकाच म्हशीच्या दातात दोन्ही मिसळून मधलाच एक आकडा मिळेल आणि ती वर्षभर मिश्र चारा खात होती, असा चुकीचा निष्कर्ष निघेल. ऋतूप्रमाणे बदलणारा चारा या पद्धतीत दिसतो का?

कारेलीबागकर

ताई, याचे उत्तर मी देते, कारण काही वर्षे मी हेच काम स्वतः केले आहे.

दाढ एका दिवसात तयार होत नाही. ती चघळण्याच्या पृष्ठभागाकडून मुळाकडे थराथराने बनत जाते. घोड्याची किंवा गुराची उंच दाढ पूर्ण व्हायला एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून संपूर्ण दाढेचा एकच नमुना घेतला तर तुम्ही म्हणता तसा मधला आकडा मिळतो. पण वरून खालपर्यंत आडव्या बारीक खाचा घेतल्या तर प्रत्येक खाच वेगळ्या महिन्यांची साक्ष देते. दातांच्या डॉक्टरांकडे असते तसलेच, हिऱ्याची कणी बसवलेले लहान ड्रिल वापरतो. दात गुळगुळीत कागदावर धरायचा, आधी वरचा मातकट थर खरवडून टाकायचा आणि मग एक-एक खाच पाडून पिठासारखी पडणारी पांढरी भुकटी वेगवेगळ्या कुप्यांत भरायची. एका खाचेतून काही मिलिग्रॅम भुकटी मिळाली तरी पुरते. दोन खाचांच्या मध्ये ड्रिलचे टोक आणि कागद पुसायला विसरलात तर मागच्या महिन्याचा चारा पुढच्या महिन्यात जातो, म्हणून हे काम घाईने करता येत नाही.

ती भुकटी आधी सोडियम हायपोक्लोराइट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून सेंद्रिय अंश काढतात. मग सौम्य ॲसेटिक आम्लाने जमिनीतून नंतर चिकटलेला चुना धुऊन काढतात. शेवटी फॉस्फोरिक आम्लात टाकल्यावर मूळ कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि त्यातील जड व हलक्या अणूंचे प्रमाण मास स्पेक्ट्रोमीटर मोजतो. त्याच वायूतील ऑक्सिजनही मोजला जातो. आपल्याकडे मुसळधार पावसाळ्यातील पाण्यात हलका ऑक्सिजन अधिक असतो आणि उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात जड ऑक्सिजन साठत जातो. त्यामुळे ऑक्सिजनची रेघ वरखाली होताना पावसाळा कुठे आणि उन्हाळा कुठे ते दिसते, आणि तिच्याशेजारी कार्बनची रेघ ठेवली की कोणत्या ऋतूत कोणता चारा होता तेही दिसते. तुमच्या म्हशीच्या दाढेत रजको आणि मका वेगळे दिसतील. मात्र एनॅमलचे खनिज पक्के होण्याची क्रिया काही महिने चालू राहत असल्यामुळे टोके थोडी बोथट होतात, आणि प्रत्यक्षातील बदल रेघेत दिसतो त्यापेक्षा मोठा असतो.

आणखी एक सावधगिरी सांगते. पहिली दाढ जन्माच्या सुमारास आणि पिल्लू दूध पीत असतानाच बनते, म्हणून तिच्यात चाऱ्याच्या बरोबरीने आईच्या दुधाचा ठसा असतो. शक्य असेल तेव्हा शेवटची, म्हणजे तिसरी दाढ निवडावी.

रावपुरेकर

माझे आयुष्य रसायन उद्योगात गेले, म्हणून दोन आक्षेप नोंदवतो. पहिला असा की शरीर अन्नातील कार्बन जसाच्या तसा दातात भरत नाही. मध्ये रक्त, श्वास आणि पचन एवढे सगळे आहे. मग १४ हा आकडा सर्व प्राण्यांना सारखाच कसा लागू पडेल? दुसरा असा की ७०-८० लाख वर्षे जमिनीत राहिलेल्या वस्तूचे रसायन बदलले नाही, हे गृहीत धरायचे की सिद्ध करायचे?

विश्वामित्रीकाठ

रावपुरेकर, दोन्ही आक्षेप मोलाचे आहेत आणि या क्षेत्रातील वादही नेमके त्यांच्याभोवतीच झाले. १९८१ साली हाडाच्या खनिजातील कार्बनवरून आहार सांगता येईल असे मत पुढे आले आणि पुढच्याच वर्षी जीवाश्म हाडांचे रसायन भरवशाचे नाही, असे त्याला उत्तर मिळाले. ज्युलिया ली-थॉर्प आणि निकोलास व्हॅन डर मर्व यांनी दक्षिण आफ्रिकेतील जीवाश्मांवर काम करून १९८७ साली दाखवले की हाड सोडून एनॅमल घेतले, तर पाला खाणारे आणि गवत खाणारे प्राणी स्वच्छ वेगळे दिसतात.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर असे की १४ हा आकडा सर्वांना लागू नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. मिथेनबरोबर हलका कार्बन बाहेर जातो, त्यामुळे मागे उरणारा कार्बन जड होतो आणि तोच रक्तातून दातात पोहोचतो. ठरावीक चारा देऊन केलेल्या प्रयोगांत गुरांमध्ये ही वाढ १४ हून थोडी अधिक, डुकरांत १३ च्या आसपास, सशात त्याहून किंचित कमी आणि शेतातील लहान उंदरांसारख्या प्राण्यांत साडेअकराच्या आसपास मिळाली. म्हणून कोणाचा दात आहे ते ठरवल्याशिवाय आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

दुसऱ्या आक्षेपाबाबत तुम्ही म्हणता तेच खरे: ते दर वेळी सिद्धच करावे लागते. त्याची एक साधी आणि मला अतिशय आवडणारी कसोटी आहे. एकाच थरातील दोन प्राण्यांचे दात घ्यायचे. जमिनीने रसायन बदलले असेल तर दोघांचेही आकडे त्या मातीच्या आकड्याकडे सरकून एकमेकांजवळ आलेले दिसतील. डायनोथेरियम इथे फार उपयोगी पडतो. आफ्रिकेत भोवती सी-४ गवत पसरल्यानंतरही तो शेवटपर्यंत झाडपाल्यावरच राहिला आणि त्याच्या दातात सी-३ चाच आकडा मिळतो. त्याच थरातील घोड्याचा आकडा शून्याजवळ आणि डायनोथेरियमचा उणे १२ जवळ असेल, तर जमिनीने ते पुसलेले नाहीत असे म्हणायला आधार मिळतो. पिरमवरही सापडलेल्या या डायनोथेरियमचे दात असे दूरवर कसोटीचा दगड म्हणून कामाला येतात, याचे मला अजूनही नवल वाटते.

एक दुरुस्ती मीच करायला हवी. पहिल्या लेखनात दिलेले उणे १३ आणि अधिक १ हे आकडे आजच्या हवेचे आहेत. कोळसा आणि तेल जाळल्यामुळे हवेत हलका कार्बन वाढला असून उद्योगयुगापूर्वीच्या तुलनेत हवेचा आकडा सुमारे २ ने खाली आला आहे. जीवाश्मासाठी दोन्ही टोके तेवढी वर सरकवावी लागतात. समजा एका दाढेचा आकडा उणे १ आला. आजची टोके घेतली तर सी-४ गवताचा वाटा १४ पैकी १२, म्हणजे सुमारे ८६ टक्के निघतो. टोके २ ने वर सरकवली तर तो १४ पैकी १०, म्हणजे सुमारे ७१ टक्के होतो. हा हिशोब केवळ समजण्यासाठी मांडला आहे, पण दुरुस्ती न केल्यास किती फरक पडतो ते त्यातून दिसते.

मांडवीकर

आपल्या उपखंडातले एखादे सविस्तर उदाहरण द्याल का? शिवालिकच्या जीवाश्मांविषयी ऐकले आहे, पण त्यावर हे काम झाले आहे का?

विश्वामित्रीकाठ

झाले आहे, आणि जगभर ज्या कामाचा दाखला देतात त्यातले बरेच तिथलेच आहे. जे क्वेड, सर्लिंग आणि जॉन बोमन यांनी १९८९ साली उत्तर पाकिस्तानातील पोतवार पठारावरच्या शिवालिक थरांतील प्राचीन मातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मातीत चुन्याच्या ज्या गाठी, म्हणजे कंकर तयार होतात, त्यांतील कार्बन तिथे उगवलेल्या वनस्पतींचा असतो. सुमारे ७० लाख वर्षांपूर्वी त्या कंकरांचा आकडा सी-३ कडून सी-४ कडे झपाट्याने सरकलेला दिसतो. पुढे त्याच थरांतील दातांतही हा बदल सापडला, आणि १९९७ पर्यंत आफ्रिका व अमेरिकेतील दात पाहून ८० ते ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात अनेक खंडांवर असे घडल्याचे दिसून आले.

आता पुन्हा आकार आणि रसायन यांच्याकडे येतो. तीन बोटांचे हिप्पेरियन घोडे या भागात १ कोटी वर्षांहून आधी पोहोचले होते, आणि येतानाच त्यांच्या दाढा उंच होत्या. तरीही सुरुवातीच्या लाखो वर्षांत त्यांच्या एनॅमलमध्ये सी-३ चाच आकडा आहे. सी-४ गवत पसरल्यावरच तो वर चढतो. मग त्या उंच दाढा आधी कशासाठी होत्या? त्या काळी सी-३ पद्धतीचे गवत होते, ते हे घोडे खात असतील, किंवा पाल्यावरच्या धुळीने दात झिजत असतील. सी-३ गवत आणि सी-३ पाला यांतला फरक कार्बन सांगू शकत नाही, ही या पद्धतीची खरी मर्यादा आहे. तिथे दाताच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ओरखडे पाहावे लागतात. घनदाट जंगलाच्या सावलीतला पाला मात्र कार्बनवरूनही ओळखता येतो, कारण त्याचा आकडा उणे ३० च्याही खाली जातो.

सूरसागर

मांसाहारी प्राण्यांचे आणि माणसाच्या पूर्वजांचे काय? वाघाच्या दातात तर गवत सापडणार नाही.

कारेलीबागकर

वाघाच्या दातात गवत नसले तरी त्याने खाल्लेल्या प्राण्याने काय खाल्ले ते असते. चितळ की सांबर, उघड्या माळावरचे सावज की रानातले, एवढे कार्बन सांगतो. पण मांस किती आणि वनस्पती किती, हे कार्बन सांगत नाही. त्यासाठी नायट्रोजन लागतो. अन्नसाखळीत प्रत्येक पायरीवर जड नायट्रोजन वाढत जातो. तो साधारणपणे हाडातील कोलॅजेन या प्रथिनातून मोजतात, पण आपल्यासारख्या उष्ण हवामानात कोलॅजेन लाखो वर्षे टिकत नाही. अलीकडे एनॅमलच्या आत अडकलेला अत्यल्प नायट्रोजन मोजण्याची पद्धत विकसित झाली आहे. २०२५ साली दक्षिण आफ्रिकेतील स्टर्कफाँटेनच्या ऑस्ट्रेलोपिथेकस या मानवकुळातील प्राचीन प्राण्याच्या ७ दातांवर ती वापरली, तेव्हा त्यांचा आकडा शाकाहारी प्राण्यांच्या जवळचा आला. म्हणजे ते फारसे मांस खात नव्हते.

विश्वामित्रीकाठ यांच्या पुरणयंत्राला मानवकुळातलेही एक उदाहरण आहे. पूर्व आफ्रिकेतील पॅरान्थ्रोपस बॉइसाय याच्या प्रचंड दाढा आणि जबडा पाहून त्याला 'नटक्रॅकर मॅन', म्हणजे कवच फोडणारा माणूस म्हटले गेले. २०११ साली त्याच्या एनॅमलचे रसायन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याच्या आहारात तीन चतुर्थांशाहून अधिक वाटा सी-४ वनस्पतींचा निघाला. कवचाची फळे देणारी झाडे सी-३ असतात. तो गवते आणि लव्हाळ्यांच्या जातीच्या वनस्पती चघळत असावा.

एक कळकळीची विनंती. एका जुन्या खासगी संग्रहातील सुंदर दाढ मला अभ्यासाला मिळाली होती. ती चमकावी म्हणून कोणीतरी प्रेमाने तिच्यावर वार्निशचे हात दिले होते, आणि त्याआधी आम्लात धुऊन काढली होती. वार्निश उतरवता आले, पण आम्लाने एनॅमलचा वरचा भाग खाल्ला होता. मिळालेल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवू शकले नाही आणि ती दाढ कामातून वगळावी लागली. शिवाय ती कुठून आणली याची चिठ्ठीही सोबत नव्हती. कोणाला असे काही सापडले तर त्याला पाणीसुद्धा लावू नका. ते कापसात गुंडाळा, जागा आणि थर यांची नोंद करा आणि विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात दाखवा.

गोठ्यातली वही

माझी मुलगी सहावीत आहे. हा धागा तिला वाचून दाखवला, तेव्हा तिने विचारले की कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे, तर त्याने काय खाल्ले ते असे शोधता येईल का?

विश्वामित्रीकाठ

तिला सांगा की पुढच्या वेळी गेल्यावर जबड्याकडे नीट पाहा. तो निळा देवमासा आहे आणि त्याला दातच नसतात. त्याच्या तोंडात नखांच्या द्रव्याच्या झालरी असतात. त्या थराथराने वाढत असल्यामुळे त्यांतूनही खाण्याचा आणि प्रवासाचा माग काढतात, पण त्या सांगाड्यासारख्या टिकत नाहीत.

देवमाशांच्या पूर्वजांना मात्र दात होते, आणि त्यांचे जीवाश्म आपल्याच कच्छमध्ये हरुडीच्या परिसरातील ४ कोटी वर्षांहून जुन्या थरांत मिळाले आहेत. जमिनीवरून पाण्यात जाण्याचा त्यांचा प्रवास ऑक्सिजनवरून तपासला गेला, कारण समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजन नदीच्या पाण्यापेक्षा अधिक असतो. पाकिस्तानातील पाकिसेटस या आरंभीच्या देवमाशाच्या एनॅमलमध्ये गोड्या पाण्याचा ठसा निघाला, आणि नंतरच्या गटांत समुद्राचा. सुरुवातीच्या समुद्रगाईंच्या दातांतील कार्बन जड निघाला. समुद्रगवत सी-४ पद्धतीचे नसले तरी पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट वापरत असल्यामुळे त्याचा आकडा सी-४ च्या जवळ जातो. म्हणजे देवमाशांचे पूर्वज पाण्याशी हळूहळू जुळवून घेत असताना समुद्रगाई फार लवकर समुद्रगवत खाऊ लागल्या होत्या. कच्छच्या आखातात आजही थोड्या समुद्रगाई उरल्या आहेत आणि त्या अजून तेच गवत खातात.

गोठ्यातली वही

काका, तिने वहीत पहिला प्रश्न लिहून घेतला आहे: आमच्या म्हशीची पडलेली दाढ मिळाली तर चालेल का?

कारेलीबागकर

नक्की चालेल. दाढ मिळाली की फक्त वाळवून ठेवा, आणि त्या म्हशीला कोणत्या महिन्यात रजको, कधी मका आणि कधी कडब घातली ते तुमच्या वहीतून उतरवून द्या. मात्र पडणारी दाढ दुधाची असेल तर तिच्यात चाऱ्यापेक्षा आईच्या पोटातल्या आणि दूध पिण्याच्या दिवसांचाच ठसा जास्त असेल, म्हणून म्हशीचे वयही लिहा.